ताकदीची गोळी

माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, डॉक्टर नव्हते. हे वाक्य माझ्या सासरी कोणी कधी मोठ्याने उच्चारलं नाही, म्हणून मी ते सुरुवातीलाच लिहून टाकते.

आदिलाबादला एका डॉक्टरांकडे ते काही वर्षं कंपाउंडर होते. तिथे पुड्या बांधता बांधता आणि सुया उकळता उकळता आपल्याला सगळं येतं असं त्यांना वाटू लागलं. मग त्यांनी गुडीहत्नूरला हायवेला लागून एक खोली भाड्याने घेतली, दारावर लाल फुलीची पाटी लावली, गळ्यात नळी अडकवली आणि डॉक्टरसाब झाले. ट्रकवाले यायचे, शेतमजूर यायचे, आतल्या खेड्यांतून गोंड बायामाणसं पायी यायची. "सूदी वेयंडी, सार," म्हणजे सुई टोचा, असं म्हणत लोक दंड पुढे करायचे आणि हे टोचायचे. ताप असो, जुलाब असो, बाईचं अंगावर जाणं असो, सुई एकच. पेशंट बरा झाला की यांच्या हाताचा गुण, आणि मेला की त्याचं आयुष्य तेवढंच.

आमचं घर बेल्याजवळच्या एका खेड्यात. मी बेल्याच्या मराठी शाळेत शिकवायची. माझे यजमान आदिलाबादला महसूल कचेरीत कारकून होते, शनिवारच्या बसने घरी यायचे. सासरे वारलेले. भासरे गुडीहत्नूरलाच राहायचे, पण घर चालायचं ते त्यांच्या शब्दावर. सासऱ्यांनी एकेकाळी घरातले देव नदीत सोडून धम्म घेतला होता, आणि भासऱ्यांना त्याचा फार अभिमान. पौर्णिमेला विहारात उभं राहून ते विज्ञानावर बोलायचे. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना नावं ठेवायचे, "माणसानं प्रश्न विचारले पायजे," असं हात उंच करून सांगायचे. बाया माना डोलवायच्या. त्यांनाच कोणी प्रश्न विचारला तर त्यांचा चेहरा कसा होतो, हे फक्त मला ठाऊक होतं.

माझी धाकटी नणंद तेव्हा नुकती दहावी झालेली. हसरी पोरगी, कामाला चपळ, आणि सगळ्यांची नक्कल करायची. भासऱ्यांचं भाषण ती इतकं हुबेहूब करायची की सासूबाई पदरात तोंड लपवून हसायच्या. त्या वर्षी कापूस वेचता वेचता ती शेतातच पडली. डोळे फिरले, दात बसले, हातपाय झटकायला लागले. बायांनी नाकाशी कांदा धरला, चप्पल धरली. थोड्या वेळाने ती शुद्धीवर आली तेव्हा तिला काही आठवत नव्हतं. महिन्याभराने पुन्हा तसंच झालं, या वेळी अंगणात.

मी म्हटलं, नागपूरला दाखवू. भासरे म्हणाले, गरज नाही. कारण उघड होतं. पांढरकवड्याकडच्या एका तरुण मास्तरची तिला मागणी आली होती. मुलगा नोकरीवर, घर आपल्यातलंच. तिला फिट येते हे कळलं तर सोयरीक मोडणार. म्हणून फिट हा शब्दच घरातून हद्दपार झाला. "चक्कर आली होती पोरीले, ऊन लागलं," असं ठरलं. आणि पुढच्या रविवारी भासरे मोटारसायकलवरून येताना कागदाच्या पुडीत गोळ्या घेऊन आले.

"ह्या ताकदीच्या गोळ्या हायेत," ते नणंदेला म्हणाले. "रोज सकाळ-संध्याकाळ घ्याच्या. कोनाले सांगाचं नाई."

"ताकदीच्या गोळ्या लपवून काऊन घ्याच्या?" तिने विचारलं.

"तू काऊन-काऊन लय करते," ते म्हणाले.

ती आत गेल्यावर मी विचारलं, कसल्या गोळ्या आहेत? त्यांनी सांगायला नको होतं. पण त्या माणसाला एक इंग्रजी शब्द येतो आणि तो समोरच्याला येत नाही, एवढ्यावर त्याची सगळी अब्रू उभी होती. छाती फुगवून म्हणाले, "फेनिटॉइन म्हनतात त्याले, मास्तरीणबाई. डोक्याच्या नसायवर काम करते. तुमच्या पुस्तकात नाई भेटाचं हे." मी तो शब्द दोनदा म्हणून घेतला. शाळेत पाढे पाठ करून घेणाऱ्या बाईला एक शब्द लक्षात ठेवायला किती वेळ लागतो!

गोळ्यांनी फिट थांबली, हे मी नाकारत नाही. पंधरवडाभर घर खूश होतं. मग नणंदेला ताप आला. घसा दुखतोय म्हणाली, डोळे चुरचुरतात म्हणाली. डोळे लाल भडक झालेले, उजेडाकडे बघवेना. भासरे आले, सुई टोचली, सर्दीताप आहे म्हणाले, आणि जाताना सासूबाईंना बजावून गेले की ताकदीची गोळी चुकवायची नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या छातीवर आणि तोंडावर लाल चट्टे उठले. साधं पुरळ नव्हतं ते. प्रत्येक चट्टा मध्ये काळपट आणि कडेने लाल, आणि हात लावला की ती कळवळायची. गोवर, कांजिण्या मी शाळेतल्या पोरांच्या अंगावर दरवर्षी बघत होते. त्यात खाज असते. हिला खाज नव्हती, आग होती. ओठ सुजून फुटले, तोंडात फोड आले. पाणी गिळता येईना, आणि लघवीला जाताना ती रडायची.

सासूबाई म्हणाल्या, "माता आली व माय." म्हणजे देवी. देव नदीत सोडलेल्या त्या घरात दाराला लिंबाचा डहाळा लागला. मला वाटलं, विज्ञानवाले आता तरी तो काढून फेकतील. भासरे आले, डहाळ्याखालून वाकून आत शिरले, आणि तिच्यापासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, "गोवर हाय. उष्णता बाहेर पडून राह्यली. पडू द्या."

मी म्हटलं, "भाऊजी, घरात नवीन एकच गोष्ट आली आहे, ती गोळी. ती आधी बंद करा."

"गोळीनं अंगावर फोड येत असते का? गोळी पोटात जाते, बाई. कातडीवर नाई लावत कोनी."

हे त्यांचं शास्त्र. यावर लोक जीव ओवाळून टाकत होते.

"मग डॉक्टरला दाखवू," मी म्हटलं.

"मी कोन हाओ मग?"

सासूबाई मध्ये उभ्या होत्या. भासरे गेले, आणि मी पाणी आणायला गेले तेवढ्यात सासूबाईंनी गोळी कुटून गुळाच्या पाण्यातून तिला पाजली. मोठ्या लेकाने सांगितलेलं ना! परत आले तेव्हा वाटी रिकामी होती. राहिलेली पुडी मी त्यांच्या देखत चुलीत टाकली. त्या माझ्याशी त्या दिवशी बोलल्या नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी ओल्या फडक्याने तिचा हात पुसायला घेतला. फडकं नुसतं टेकवलं होतं. तापवलेल्या दुधावरची साय बोटाने सरकते तशी तिच्या हातावरची कातडी सरकली. खाली लालबुंद, ओलं मांस. ती ओरडली नाही. तोंडच उघडत नव्हतं. नुसती माझ्याकडे त्या चिकटलेल्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न करत होती.

यजमान आदल्या संध्याकाळी आले होते. मी त्यांना बोलावून तो हात दाखवला. ते पांढरे पडले. मग म्हणाले, "दादाले विचारून येतो."

"विचारा," मी म्हटलं. "मी तोवर तिला घेऊन जाते."

गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याची जीप होती. मी स्वतः जाऊन ती मागितली. व्यापारी भला माणूस, घरी येऊन तिला बघितल्यावर त्याने लगेच ड्रायव्हरला किल्ली दिली. धुतलेलं जुनं लुगडं अंथरून तिला आम्ही मागच्या सीटवर निजवलं. सासूबाई रडत शेजारी बसल्या. यजमान शेवटी चढले. दादाला विचारायचं राहून गेलं म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर चोरी केल्यासारखे भाव होते. त्या माणसाबरोबर मी पुढे बरीच वर्षं सुखाने संसार केला, पण तो चेहरा विसरले नाही.

आदिलाबादच्या डॉक्टरांनी तिला जीपमध्येच बघितलं. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलला. ओठ बघितले, पापणी उचलून बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला, "कौनसी गोली खाई?" मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून मोटारसायकल थांबली. बातमी गुडीहत्नूरला कशी पोचली देव जाणे. भासरे धापा टाकत पुढे आले. "कुछ नहीं खाई, साब. मैं खुद मेडिकल लाइन में हूँ."

"फेनिटॉइन खाई," मी म्हटलं.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा भासऱ्यांच्या गळ्यातल्या नळीकडे बघितलं. हो, ती घालूनच आले होते. डॉक्टर म्हणाले, इथे हे जमणार नाही, आत्ताच्या आत्ता नागपूर गाठा. सलाईन लावून दिलं, वाटेत कोणाकडूनही सुई टोचून घ्यायची नाही असं बजावलं, आणि हे सांगताना ते माझ्याशी नाही, भासऱ्यांशी बोलत होते.

भासरे जीपमध्ये बसले. मला वाटलं होतं, बहिणीसाठी बसले. पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर ते यजमानांना म्हणाले, "तिथं गोळीचं नाव काढाचं नाई. पोलीस केस होते. अन् पोरीले मिरगी हाय हे पांढरकवड्याले कळलं, तर कोन करते तिचं? अंगावर अचानक आलं म्हना." यजमान खाली बघत राहिले. सासूबाईंनी मान डोलावली. मागच्या सीटवर ती पोरगी कातडी सोलवटलेल्या अंगाने प्रत्येक खड्ड्यागणिक कण्हत होती, आणि पुढे तिचा भाऊ तिच्याबद्दल कोणतं खोटं सांगायचं ते ठरवत होता. पांढरकवडा आलं, गेलं. मी हिंगणघाटपर्यंत एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर त्यांना खाली ढकललं असतं.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टर एक बाई होत्या. वय फार नव्हतं, आवाज मऊ, पण प्रश्न एकामागून एक. ताप आधी आला की चट्टे आधी? डोळे कधी लाल झाले? आणि मग, "गेल्या दोन महिन्यांत कोणती औषधं सुरू केली?"

"काहीच नाही, मॅडम," भासरे म्हणाले.

बाईंनी यजमानांकडे बघितलं. ते गप्प. सासूबाईंकडे बघितलं. त्या पदर तोंडाला लावून गप्प. तिघंही त्या पोरीची माणसं, आणि मी परक्या घरून आलेली.

मी सांगितलं. गोळीचं नाव, ती कशासाठी होती, कोणी दिली, ताप आल्यावरही कशी चालू ठेवली, सगळं. फिट कधी कधी आली तेही.

"ह्या बाईचं डोकं ठिकानावर नाई," भासरे म्हणाले. "घरात भांडन हाय आमचं."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे वर न बघताच विचारलं, "तुम्ही काय करता?"

"प्रॅक्टिस करतो."

"कुठून शिकलात?"

त्यांनी गळ्यातली नळी काढून खिशात कोंबली. विहारात तासभर बोलणारा माणूस! बाईंनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि ते गेले. पाय कसे उचलत होते ते मी बघून घेतलं.

मग बाईंनी मला समजावलं. काही माणसांच्या अंगाला काही औषधं अशी उलटतात. फिटच्या काही गोळ्या, सल्फाच्या काही, दुखण्यावरच्याही काही. गोळी सुरू करून थोडे दिवस झाले की आधी ताप आणि डोळे, मग हे चट्टे, आणि मग भाजल्यासारखी कातडी निघते. पहिला उपाय म्हणजे ती गोळी तिथल्या तिथे बंद करणं. त्यानंतर रोग्याला भाजलेल्या माणसासारखं जपायचं. पाणी, मीठ, ऊब, स्वच्छता, आणि डोळे. "वाचेल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अजून दोन गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर मी तुम्हाला वेगळं उत्तर दिलं असतं. आत्ता सांगता येत नाही."

सासूबाईंना काहीच कळेना. "पोरगी कुठं जळली नाई, अन् जळलेल्याच्या वॉर्डात काऊन टाकली?" त्या सारख्या विचारायच्या. तिला केळीच्या पानांवर निजवलं होतं, कारण चादर अंगाला चिकटून कातडी ओढायची. रोज बाजारातून कोवळी पानं आणायची, धुवायची, उकळलेल्या पाण्याने पुन्हा धुवायची, हे काम यजमानांकडे आलं. ते त्यांनी मन लावून केलं, एवढं त्यांच्या बाजूने लिहिते. नाकातून नळी घालून दूध देत. नर्स दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यांत औषध घालायची आणि काचेच्या बारीक कांडीने पापण्या आतून सोडवायची, नाहीतर पापणी बुबुळाला चिकटून बसते. त्या वेळी मी तिचं डोकं धरायची. ती माझा पदर मुठीत धरायची. नखं तोवर गळायला लागली होती.

भासरे एकदाच वॉर्डाच्या दारापर्यंत आले. आत बघितलं, नाकाला रुमाल लावला आणि परत गुडीहत्नूरला गेले. दवाखाना बंद ठेवून चालत नाही म्हणाले.

पांढरकवड्याची मंडळीही आली. होणाऱ्या नवऱ्याची आई, मामा आणि स्वतः मास्तर. मास्तर दाराशीच थांबला. आईने आत येऊन तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, बाजारात वांगी बघतात तसं. "डाग राह्यतीन का?" तिने नर्सला विचारलं. जगेल का हे नाही विचारलं. जाताना त्यांनी आणलेल्या संत्र्यांची पिशवी खाटेखाली ठेवली आणि पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही. तोंडात फोड आलेल्या पोरीला संत्री! मी ती वॉर्डाच्या दाराशी बसणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकली.

ती वाचली. नवी कातडी आली, आधी गुलाबी, मग ठिकठिकाणी काळी-पांढरी. नखं पुन्हा आली, वेडीवाकडी. डोळे मात्र पहिल्यासारखे झाले नाहीत. अश्रू आटले. पापण्यांचे केस आत वळून टोचायचे, ते दर काही आठवड्यांनी उपटावे लागत. दुपारच्या उन्हात तिला काळा चष्मा लागायचा. फिटसाठी दुसऱ्या जातीची गोळी मिळाली, ती तिला मानवली. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी तिच्याकडून ही गोळी मला चालत नाही, हे त्या जुन्या गोळीच्या नावासकट मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत म्हणून घेतलं. "दवाखाना कोणताही असो, स्वतःचं नाव सांगायच्या आधी हे सांगायचं," म्हणाल्या. त्या गोळीसारख्याच उलटू शकणाऱ्या दोन गोळ्यांची नावंही पाठ करायला लावली. सासूबाईंनीही पाठ केली. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती तिन्ही नावं त्या मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

घरी आल्यावर आम्हाला कळलं की गावाला सगळी हकीकत आधीच माहीत आहे, भासऱ्यांच्या तोंडून. नणंदेला गोवर उलटला होता, घरच्या बाईने घाई करून जीपमध्ये टाकलं, आदिलाबादच्या दवाखान्याने कातडी घालवली, आणि भासऱ्यांनी वेळेवर नागपुरात ओळख लावली म्हणून ती वाचली. लोकांनी ऐकलं आणि पटवून घेतलं. त्यांना तेच सोयीचं होतं. अर्ध्या गावाने त्यांच्याकडून सुई टोचून घेतलेली, तो माणूस अडाणी निघाला तर आपण कोण ठरतो? गुडीहत्नूरची पाटी तशीच राहिली. पुढे तिच्यावर बल्ब लागला. मी एकदा तालुक्याच्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "हे हटले तर त्या लोकांना बघणार कोण, बाई?" चहा मी अर्धा ठेवून उठले.

काही वर्षांनी विहारात भासऱ्यांचा शाल घालून सत्कार झाला, गोरगरिबांची सेवा केल्याबद्दल. मी गेले नाही. यजमान गेले, आणि परत आल्यावर भाषण चांगलं झालं म्हणाले. मी त्यांना जेवायला वाढलं.

नणंदेने लग्न केलं नाही. मागण्या आल्या, बिजवरांच्या, पण तिने सगळ्यांना नाही म्हटलं. गावातल्या अंगणवाडीत तिला काम मिळालं. काळा चष्मा लावून ती पोरांना नक्कल करून गाणी शिकवते, आणि पोरं तिच्यावर जीव टाकतात. अंगावर पुरळ आलेलं पोर घेऊन कोणी आई आली की ती ताप विचारते, डोळे बघते, तोंड उघडायला लावते, आणि कोणती गोळी दिली ते वदवून घेतल्याशिवाय सोडत नाही. एकदोघांना तिने त्याच पावली आदिलाबादला पाठवलं आहे.

परवा आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. भासरे आता म्हातारे झालेत, साखरेने पायाला जखम झाली आहे. दाखवायला कुठल्या सुईवाल्याकडे गेले नाहीत, थेट नागपूर. मी तेच बोलत होते, जरा चढ्या आवाजात.

ती हसली. "वैनी, तुमी अजून त्याइच्यावर चिडून राह्यल्या? माह्याजवळ तेवढा वेळ नाई बा."

"माझ्याजवळ आहे," मी म्हटलं, आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.